ऑनलाइन गेम बंद होऊन राहिला? सर्व्हर जायच्या आधी हे करून घ्या

गेम उघडला की नोटीस येते, अमुक तारखेपासून सेवा बंद, इतकी वर्षं साथ दिल्याबद्दल आभार, आणि मग ग्रुपवर पोट्टे दोन दिवस हळहळतात, रडके स्टिकर टाकतात आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गेमवर जातात. मला सांगायचंय ते हे की नोटीस आल्यापासून सर्व्हर बंद होईपर्यंतचे जे दिवस असतात ना, तेच तुमच्या हातातले दिवस आहेत. तुम्ही काय विकत घेतलं, किती टॉप-अप केलं, खात्यात काय शिल्लक आहे, याचा बराचसा पुरावा गेमच्या आतच असतो, आणि गेम गेला की तोही जातो. पैसे परत मागायचे असोत की गेमची आठवण जपून ठेवायची असो, दोन्ही कामं याच दिवसांत होतात.

युबिसॉफ्टचा द क्रू आठवा. गाड्यांचा गेम, २०१४ ला आला, डिसेंबर २०२३ मधे दुकानातून काढला आणि ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद. त्यात एकट्याने खेळायचा भरपूर भाग होता पण गेम सुरू व्हायलाच सर्व्हर लागायचा, त्यामुळे ज्यांनी डिस्क विकत घेतली होती त्यांचीही डिस्क नुसती कपाटात ठेवायच्या कामाची उरली, आणि पुढे तर लोकांच्या खात्यातून लायसन्सच काढून घेतलं. आता दुसरीकडे बघा, सोनीचा कॉनकॉर्ड २३ ऑगस्ट २०२४ ला आला, चालला नाही, ६ सप्टेंबरला बंद झाला पण घेणाऱ्यांना पूर्ण पैसे परत मिळाले. गुगलने स्टेडिया ही नेटवरून गेम खेळायची सेवा जानेवारी २०२३ मधे बंद केली तेव्हा त्यांच्या स्टोअरवरून घेतलेल्या गेमचे आणि कंट्रोलरचेही पैसे परत दिले. म्हणजे कंपनीने मनावर घेतलं तर हे होतं, आणि मनावर घ्यायला लावायचं तर मागणाऱ्याकडे कागद पाहिजे.

पहिल्या संध्याकाळी पुरावा गोळा करा

एक फोल्डर बनवा, गेमचं नाव आणि वर्ष टाका, पुढचं सगळं त्यातच. सगळ्यात आधी ती नोटीस. स्क्रीनशॉट तर घ्याच पण नोटीस कंपनीच्या वेबसाइटवरही असेल तर ते पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमधे सेव्ह करा, तिथे पान सेव्ह करायची सोय फुकट आहे आणि तारखेची नोंद राहते, उद्या कंपनीने शब्द बदलले तरी आज काय लिहिलं होतं ते दाखवता येतं. तसंच अटी-शर्तींचं पान आणि रिफंडचं पान. ही तीन पानं कोणीच ठेवत नाही आणि नंतर हीच लागतात.

मग गेमच्या आत जा. सेटिंगमधे कोपऱ्यात बारीक अक्षरात तुमचा युजर आयडी आणि गेमचं व्हर्जन असतं, त्याचा फोटो. शिल्लक यूसी, डायमंड, कॉइन असं गेममधलं जे काही चलन असेल त्याचा. इन्व्हेंटरी, म्हणजे तुमच्याकडच्या वस्तूंची यादी, पूर्ण स्क्रोल करून स्क्रीन रेकॉर्डिंग करा, एकेक स्क्रीनशॉट काढत बसू नका, सलग रेकॉर्डिंग असलं की मधलं काही कापलं असं कोणी म्हणत नाही. सुरुवातीला फोनची तारीख-वेळ दाखवा, मग प्रोफाइल, मग खरेदीचा इतिहास, मग इन्व्हेंटरी, त्याच क्रमाने.

गेमच्या बाहेरचा पुरावा म्हणजे बिलं. गुगल प्लेवर प्रोफाइलमधे जाऊन पेमेंटच्या इतिहासात सगळ्या ऑर्डर दिसतात, प्रत्येक ऑर्डरचा नंबर जीपीए ने सुरू होतो, आणि ईमेलमधे पावत्या येतात त्या पीडीएफ करून ठेवा. खूप खरेदी असेल तर गुगल टेकआउटमधून प्ले स्टोअरचा डेटा एकदम काढता येतो. ॲपल आणि स्टीमवरही (स्टीम म्हणजे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) खरेदीचा इतिहास खात्यात मिळतो. यूपीआयने भरलं असेल तर बँक स्टेटमेंटमधली ती ओळ आणि ट्रान्झॅक्शन नंबर. बिलावर विकणाऱ्या कंपनीचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर काय लिहिलाय ते नीट बघा, कारण तक्रार करताना समोरचा पक्ष कोण हे तिथूनच ठरतं, गेम कोरियाचा असला तरी बिल इथल्या कंपनीचं असू शकतं.

आपल्याकडे एक प्रकार फार चालतो, चौकातल्या मोबाइलवाल्याकडे किंवा कोण्या ओळखीच्या पोट्ट्याकडे रोख देऊन टॉप-अप मारून घ्यायचा, थोडा स्वस्त पडतो म्हणून. त्यात तुमच्या नावाचं बिलच नसतं, कंपनी हात झटकते आणि दुकानदाराला काही माहीत नसतं. असं केलं असेल तर निदान त्याच्याशी झालेलं व्हॉट्सॲप चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, आणि यापुढे करू नका.

खातं गेस्ट आयडीवर, म्हणजे ईमेल न जोडता उघडलेलं, असेल तर आजच ईमेलला जोडा. गेस्ट खातं तुमचं आहे हे सिद्ध करणं भल्तंच कठीण जातं.

पैसे जाणं थांबवा

ॲप अनइन्स्टॉल केल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही, हे कितीदा सांगावं लागतं. प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमधे जाऊन रद्द करा आणि यूपीआय ॲपमधे ऑटोपेची यादी असते तिथे मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, जिवंत आहे का तेही बघा. बंद होणाऱ्या गेममधे शेवटी शेवटी मोठमोठ्या ऑफर येतात, घेऊ नका. शिल्लक कॉइन मात्र लगेच खर्च करायची घाई नको, आधी परताव्याची मागणी पाठवा, खर्च केलेल्या कॉइनचे पैसे मागणं अजून अवघड होतं.

नुकतीच खरेदी केली असेल तर धावपळ करा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर रिफंड मिळतो. गुगल प्लेवर ४८ तासांच्या आत थेट तिथूनच मागता येतो, त्यानंतर डेव्हलपरला लिहावं लागतं. कार्डने भरलं असेल तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे बँकेमार्फत परत, मागता येतो, पण तो शेवटचा उपाय ठेवा, कारण त्यामुळे दुकान तुमचं पूर्ण खातं अडकवून ठेवू शकतं आणि बाकीचे गेमही त्यातच असतात.

कंपनीला मेल, आणि मेलमधे नेमकं काय

आपल्याकडे गेम चालूच ठेवा असं कंपनीला भाग पाडणारा कायदा नाही, हे आधीच सांगतो म्हणजे अपेक्षा जागेवर राहतील. पण जे आहे तेही कमी नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधे सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा हे दोन्ही आहेत, आणि २०२० चे ई-कॉमर्स नियम डिजिटल वस्तूंनाही लागू आहेत, इतकंच नाही तर कंपनी परदेशातली असली पण भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीर विकत असली तर तिलाही लागू आहेत. त्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची. म्हणून मेल नुसत्या सपोर्टला टाकू नका, ग्रिव्हन्स ऑफिसरला टाका, त्याचं नाव-पत्ता वेबसाइटवर खाली कुठेतरी द्यावाच लागतो.

मेल इंग्रजीत लिहा, कारण वाचणारा कुठे बसलाय ठाऊक नाही, पण मजकूर असा ठेवा: माझा युजर आयडी हा, मी नागपूरला राहतो, अमुक तारखेला अमुक रुपयांना ही वस्तू घेतली, ऑर्डर नंबर हा. आपण अमुक तारखेला सेवा बंद करत आहात. खरेदीच्या वेळी सेवा कधीपर्यंत चालेल हे मला सांगितलेलं नव्हतं. माझ्या खात्यात इतके कॉइन शिल्लक आहेत आणि पासचे इतके दिवस बाकी आहेत. त्याचे पैसे परत द्यावेत, किंवा गेम ऑफलाइन चालेल असं अपडेट द्यावं. ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात उत्तर अपेक्षित आहे. बस. शिव्या नको, भावना नको, पानभर इतिहास नको.

मागणी खरी ठेवा हेही माझं मत आहे. पाच वर्षं वापरलेल्या स्किनचे (गेममधले पोशाख-सजावट) सगळे पैसे मागितले तर ते टिकणार नाही. शिल्लक कॉइन, न संपलेला पास, आणि घोषणेच्या अगदी तोंडावर विकलेल्या वस्तू, या तीन गोष्टींवर तुमची बाजू पक्की असते. बंद करायचं ठरलेलं असताना कंपनी विकत राहिली असेल तर तो मुद्दा ठळक लिहा.

ऑफलाइन अपडेटची मागणी म्हणजे काही अवास्तव गोष्ट नाही. नॉकआउट सिटी जून २०२३ मधे बंद झाला तेव्हा बनवणाऱ्यांनी पीसीसाठी स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती फुकट दिली. मार्व्हल्स ॲव्हेंजर्स विक्रीतून काढताना त्यातले पोशाख सगळ्यांना खुले केले आणि एकट्याने खेळणं चालू राहिलं. ही उदाहरणं मेलमधे एका ओळीत टाकाच, म्हणजे "तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही" असं म्हणायला जागा राहत नाही.

उत्तर नाही आलं तर १९१५, मग सिव्हिल लाइन्स

नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनचा नंबर १९१५, मराठीत बोलता येतं, ॲप आणि पोर्टलवरही तक्रार टाकता येते. ते कोर्ट नाही, ते तुमची तक्रार कंपनीकडे पोचवतात आणि उत्तर मागतात, पण बऱ्याच छोट्या रकमा इथेच सुटतात कारण कंपनीतल्या वेगळ्याच माणसाच्या टेबलावर कागद जातो. तक्रारीचा जो डॉकेट नंबर मिळतो तो जपून ठेवा.

तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. आपल्याकडे नागपुरात सिव्हिल लाइन्समधे आहे, पण आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते आणि व्हिडिओवरून सुनावणी मागता येते. लोकांना वाटतं कंपनी बेंगळुरूची किंवा सोलची तर तिकडे जावं लागेल, तसं नाही, २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. अटींमधे "वाद फक्त लवादाकडे" असं लिहिलं असलं तरी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१८ मधे हे स्पष्ट केलंय. आणि "आम्ही कधीही, कारण न देता सेवा बंद करू" या अटीलाच आव्हान द्यायचं असेल, म्हणजे अनुचित करार म्हणून, तर तो विषय जिल्हा आयोगाचा नाही, राज्य आयोगाचा आहे, आणि त्याचं परिक्रमा खंडपीठ नागपुरात आहे.

तीनशे रुपयांसाठी कोण जाईल असं म्हणाल तर एकट्याने जाऊच नका. सारखीच तक्रार असलेले ग्राहक आयोगाच्या परवानगीने मिळून एकच तक्रार करू शकतात, तुमचा क्लॅन, म्हणजे सोबत खेळणाऱ्यांचा गट, आहेच की, चाळीस जणांची बिलं एकत्र आली की गोष्ट वेगळी होते. ग्राहक पंचायतीच्या लोकांना भेटा, ही मंडळी कागद कसे लावायचे ते नीट समजावून सांगतात.

घरी मुलाने पैसे घातले असतील तर आई-वडील पालक म्हणून त्याच्या वतीने तक्रार करू शकतात, कायद्यात तसं लिहिलेलंच आहे. मुलाला रागवायचं ते नंतर रागवा, आधी त्याच्याकडून आयडी आणि पासवर्ड घ्या, कारण पुरावा त्याच्या फोनमधे आहे.

एक फरक लक्षात ठेवा. सरकारने बंदी घातली तर प्रकरण वेगळं. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी मोबाइलवर बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला इथली सेवा थांबली, तिथे कंपनीने स्वतःहून बंद केलं असं म्हणता येत नाही. तसंच २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे गेम बंद झाले, तिथे वॉलेटमधली शिल्लक काढून घेणं एवढंच काम. आणि पूर्ण फुकट खेळलं असेल, एक रुपयाही नाही, तर कायद्याच्या भाषेत तुम्ही ग्राहक ठरत नाही. तुमच्या कामाचा पुढचा भाग आहे.

गेम जपायचा म्हणजे काय करायचं

व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मधे अभ्यास केला, अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. ऑनलाइन गेमचं तर त्याहून कठीण, कारण फाइल असली तरी पलीकडे सर्व्हर नाही. म्हणून दोन वेगवेगळ्या गोष्टी जपायच्या, एक फाइल आणि दुसरं खेळणं.

फाइलचं आधी. पीसीवर गेम पूर्ण डाउनलोड करा, शेवटच्या अपडेटसकट, सगळे डीएलसी (नंतर आलेले जादा भाग) आणि भाषा टाकून. स्टीममधे बॅकअपची सोय आहे पण तो बॅकअप परत लावायला स्टीमच लागतं, म्हणून गेमचं मूळ फोल्डरही जसंच्या तसं कॉपी करा. जीओजी या गेमच्या दुकानावर गेम असेल तर ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो, तो घेऊन ठेवा. सेव्ह फाइल कुठे असते ते पीसीगेमिंगविकीवर प्रत्येक गेमसाठी दिलेलं असतं. अँड्रॉइडवर आता ॲप एका एपीकेत (ॲपच्या फाइलमधे) येत नाही, तुकडे तुकडे येतात, एकच तुकडा उचलला तर उपयोग नाही, फोन पीसीला जोडून एडीबी या टूलने सगळे काढा आणि गेमचा मोठा डेटा असतो ते ओबीबी फोल्डरही घ्या.

सर्व्हर नसलेल्या फाइलचा काय उपयोग असं वाटेल. सिटी ऑफ हीरोज २०१२ मधे बंद झाला, चाहत्यांनी तो पुन्हा उभा केला आणि जानेवारी २०२४ मधे मूळ कंपनीने चाहत्यांच्या होमकमिंग सर्व्हरला रीतसर लायसन्स दिलं. द क्रू साठीही २०२५ मधे चाहत्यांनी सर्व्हर तयार केला. हे सगळं लोकांनी जुन्या फाइल सांभाळल्या म्हणून झालं.

फाइल दोन हार्ड डिस्कवर ठेवा, एक दुसऱ्याच्या घरी. आपल्या इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, डिस्क खिडकीत किंवा बंद गाडीत ठेवू नका. आणि रेकॉर्डिंग करताना लाइट गेली तर साधी एमपी४ फाइल उघडतच नाही, म्हणून ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधे फॉरमॅट एमकेव्ही ठेवा, तिथपर्यंतचं तरी वाचतं.

आता खेळणं, आणि इथे मला जास्त जीव लावून सांगायचंय. लोक रेकॉर्ड करतात ते हेडशॉट आणि जिंकलेल्या मॅच, वर गाणं टाकून. तसे व्हिडिओ हजारो आहेत. जे कोणीच ठेवत नाही ते ठेवा. लॉगिन स्क्रीन आणि तिचं संगीत पूर्ण वाजू द्या. लॉबीत उभे राहा, कॅमेरा हळूहळू चारही बाजूंनी फिरवा. दुकानातल्या प्रत्येक वस्तूची किंमत, रुपयांसकट. ट्युटोरियल नव्या खात्यातून सुरुवातीपासून. रिकामा नकाशा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत, न धावता. लोडिंगला येणाऱ्या सूचना. शत्रू नसलेल्या घराच्या आतल्या भिंती. वीस वर्षांनी कोणाला हा गेम कसा होता ते बघायचं असेल तर हेच बघायचं असणार.

आणि आवाज. आमच्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या पोट्ट्यांच्या स्क्वॉडमधे जे बोलणं चालतं, "अबे मागून येऊन राहिला बे, काहून उभा हाय तिथं", तो त्या गेमचाच भाग आहे, तो कोरियाच्या किंवा अमेरिकेच्या कोणत्याच संग्रहात मिळणार नाही. सगळ्यांना विचारून एक पूर्ण संध्याकाळ रेकॉर्ड करा, व्हॉइस चॅटचा ट्रॅक वेगळा ठेवा म्हणजे गेमचा आवाजही स्वच्छ राहतो. क्लॅनची यादी, नावं कशी पडली, कोणाची कोणाशी भांडणं, हे एका साध्या फाइलमधे लिहून काढा. लहान पोरांची खरी नावं आणि फोन नंबर मात्र काढूनच टाका.

मग ते इंटरनेट अर्काइव्हवर चढवा, वर्णन मराठीत आणि इंग्रजीत, त्यात गेमचं व्हर्जन, तारीख, फोन किंवा पीसी कोणता, सर्व्हर कोणत्या भागाचा. वर्णन नसलेला व्हिडिओ सापडतच नाही.

कायद्याची रेघ कुठे आहे

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधे कायदेशीरपणे घेतलेल्या प्रोग्रामची बॅकअप प्रत स्वतःसाठी करायला मुभा आहे. ती प्रत वाटायला किंवा विकायला नाही. कुलूप तोडण्याबद्दल ६५-अ हे वेगळं कलम आहे, त्यात शिक्षा आहे, म्हणून डीआरएम, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप, तोडायच्या भानगडीत स्वतः पडू नका. फाइल जशी आहे तशी जपणं आणि तिच्यावर धंदा करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. चाहत्यांच्या सर्व्हरवर जात असाल तर जुना पासवर्ड तिथे वापरू नका, आणि बंद गेम परत सुरू करून देतो म्हणून पैसे मागणारा कोणी भेटला तर तो फसवून राहिला असं समजा.

पुढचा गेम घेताना

गेम सुरू करा आणि नेट बंद करा. उघडला तर तुमचा, नाही उघडला तर तुम्ही भाड्याने घेऊन राहिले, आणि त्याच हिशोबाने पैसे घाला. स्टीम आता पैसे भरतानाच सांगतं की तुम्हाला लायसन्स मिळतंय, कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून तसं न सांगता "विकत घ्या" असं बटण ठेवायलाच मनाई आहे. युरोपात रॉस स्कॉटने सुरू केलेल्या स्टॉप किलिंग गेम्स मोहिमेच्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत १० लाखांच्या वर सह्या झाल्या, त्यात आपल्याला सही करता येत नव्हती, पण १९१५ वरची आपली प्रत्येक तक्रार केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याकडे नोंदली जाते. गेमच्या तक्रारी तिथे दिसल्याच नाहीत तर इथे हा प्रश्न आहे हे कोणाला कळणार.

शेवटच्या दिवशी

सर्व्हर बंद होण्याची वेळ कोणत्या टाइम झोनची आहे ते आधी बघा, नोटीसमधे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहिलं असेल तर आपल्याकडे साडेपाच तास पुढे. दोन तास आधीच लॉगिन करून बसा कारण शेवटी गर्दी होते, फोन चार्जिंगला, स्टोरेज रिकामं, रेकॉर्डिंग सुरू. कनेक्शन तुटतं तो क्षण रेकॉर्ड होऊ द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेम पुन्हा उघडा. जो एरर येईल त्याचा तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या, विकत घेतलेली वस्तू आता वापरता येत नाही याचा तो थेट पुरावा आहे, आणि २ वर्षांची मुदत मोजायलाही तो कामी येतो. तो स्क्रीनशॉट, बिलं, मेल आणि डॉकेट नंबर एका पीडीएफमधे लावा, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र असतं त्याचा नमुना भरून जोडा, आणि कंपनीचा एक महिना संपला की त्याच आठवड्यात ई-जागृतीवर दाखल करा.